ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शेचा दगडी घुमट: तो कसा उभा राहिला, का कोसळला आणि पुन्हा कसा बांधला गेला

प्रश्न असा आहे: जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचे फ्राउएनकिर्शे हे चर्च १८व्या शतकातील बरोक वास्तुकलेचा नमुना म्हणून दाखवले जाते, पण आज दिसणारी इमारत तर २००५ साली पूर्ण झाली. मग तिला अस्सल म्हणायचे की प्रतिकृती? आणि तिथे हे चालत असेल, तर जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या भग्न मनोऱ्यामागचे चर्चही पुन्हा का उभारू नये?

जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे, आणि या चर्चचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा भावनेवर किंवा तत्त्वावर जाते. माझ्या मते तिची सुरुवात घुमटाच्या वजनापासून व्हायला हवी. फ्राउएनकिर्शे म्हणजे मुळात एका धाडसी रचनाकल्पनेची परीक्षा आहे: सुमारे १२,००० टन वजनाचा दगडी घुमट आठ सडपातळ खांबांवर आणि त्यांच्यामागच्या भिंतींवर तोलून धरता येईल का? या वास्तूच्या तीनशे वर्षांच्या इतिहासातील प्रत्येक मोठा प्रसंग या एका प्रश्नाशी कुठे ना कुठे जोडलेला आहे, आणि पुनर्बांधणी योग्य होती की नाही याचे उत्तरही मला तिथेच सापडते.

या जागेवर चर्च ११व्या शतकापासून होते. ते तटबंदीच्या बाहेर होते, त्याच्याभोवती दफनभूमी होती, आणि थोर संगीतकार हाइनरिख श्युट्स यांचे दफन १६७२ साली तिथेच झाले. पुढे शहर वाढत गेले, चर्च वस्तीच्या मध्यात आले, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ही जुनी गॉथिक इमारत लहान तर पडू लागलीच, पण मोडकळीसही आली. नवे चर्च बांधण्याची गरज होती हे खरे. मात्र ते इतके मोठे आणि इतके उंच का झाले याचे कारण राजकारणात आहे. सॅक्सनी, म्हणजे ड्रेस्डेन ज्याची राजधानी होती ते राज्य, हा मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा बालेकिल्ला. १६९७ साली त्याचा शासक ऑगस्टस बलाढ्य याने पोलंडचे राजपद मिळवण्यासाठी कॅथलिक पंथ स्वीकारला. प्रजा ल्यूथरपंथीय राहिली आणि राणी क्रिस्टियाने एबरहार्डीने हिनेही आपला पंथ सोडला नाही. अशा वेळी नगर परिषदेने आणि नागरिकांनी आपल्या पैशाने बांधलेले, शहराच्या आकाशरेषेवर उठून दिसणारे प्रोटेस्टंट चर्च ही केवळ प्रार्थनेची सोय नव्हती. राजानेही त्याला आडकाठी केली नाही, कारण एल्ब नदीकाठी एक देखणी राजधानी उभी राहावी ही त्याची स्वतःची हौस होती. पैसा मात्र सहज जमला नाही. देणग्या आल्या, चर्चमधील बसण्याच्या जागा आणि खाजगी प्रार्थनाकक्ष कुटुंबांना विकले गेले, आणि साल्झबुर्गहून हाकलल्या गेलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांसाठी जमवलेला निधीही या बांधकामाकडे वळवण्यात आला. या शेवटच्या गोष्टीबद्दल आज गौरवाने बोलावे असे मला वाटत नाही, पण इतिहास सांगताना ती वगळणेही बरोबर नाही.

काम सोपवले गेले ते गेओर्ग बेर यांच्यावर. त्यांचा जन्म १६६६ सालचा, एर्त्स पर्वतातल्या एका गावातला, आणि १७०५ पासून ते ड्रेस्डेन नगर परिषदेचे मुख्य सुतार होते. दरबारी वास्तुकारांच्या परंपरेत न वाढलेला, लाकूड आणि छप्पर यांचे गणित हाताने शिकलेला हा माणूस होता. लॉशवित्स, श्मीडेबेर्ग, फोर्शहाइम अशा लहान ठिकाणची चर्चे त्यांनी आधी बांधली होती, आणि लॉशवित्सच्या चर्चची मांडणी पाहिली तर फ्राउएनकिर्शेची बीजे तिथे स्पष्ट दिसतात: लांबट दालन टाळून सगळ्या श्रोत्यांना एका मध्याभोवती बसवायचे. १७२२ पासून त्यांनी नव्या चर्चचे आराखडे काढायला घेतले. मधल्या काळात योहान क्रिस्टोफ क्नॉफेल या तरुण वास्तुकाराने पर्यायी आराखडा दिला. अंतिम स्वरूपात त्यातील काही गोष्टी उतरल्या, पण मूळ विचार बेर यांचाच राहिला. जून १७२६ मध्ये मंजुरी मिळाली आणि २६ ऑगस्ट १७२६ रोजी पायाचा दगड बसला.

आतली मांडणी समजून घेतल्याशिवाय घुमट समजत नाही. कॅथलिक बरोक चर्च डोळ्यांसमोर आणले, उदाहरणार्थ जुन्या गोव्यातील बॉम जीझसची बॅसिलिका, तर एक लांब दालन दिसते आणि नजर थेट दूरच्या सोनेरी वेदीकडे ओढली जाते. ल्यूथरपंथीयांच्या उपासनेत प्रवचनाला मध्यवर्ती स्थान असते. म्हणून प्रत्येकाला प्रवचनकार दिसावा आणि त्याचा शब्द ऐकू यावा ही पहिली अट ठरते. बेर यांनी जवळजवळ चौरस आराखडा घेतला, त्यात आठ खांबांचे वर्तुळ बसवले, पूर्वेकडे अर्धवर्तुळाकार वेदीस्थान जोडले आणि खांबांच्या मागे लाकडी सज्ज्यांचे मजले एकावर एक चढवले. प्रवचनाचा मंच, बाप्तिस्म्याचे कुंड, वेदी आणि तिच्या वर ऑर्गन हे सारे एका अक्षावर, सर्वांच्या नजरेसमोर आले. चार कोपऱ्यांत चार जिन्यांचे मनोरे आहेत, त्यामुळे सज्ज्यांवर जाणाऱ्या लोकांची गर्दी मधल्या दालनात येत नाही. आत उभे राहिल्यावर ही जागा चर्चपेक्षा नाट्यगृहासारखी वाटते असे अनेकजण म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही; ऐकण्यासाठी बांधलेल्या जागा एकमेकींसारख्या होतातच.

ऐकण्याच्या या सोयीची किंमत रचनेला चुकवावी लागली. मधले दालन मोकळे हवे, सज्ज्यांवरून दृष्टी अडू नये, म्हणून खांब बारीक हवेत. आणि याच खांबांवर घुमट बसायचा होता. सुरुवातीच्या विचारानुसार बाहेरचा घुमट लाकडी सांगाड्याचा आणि तांब्याच्या पत्र्याने मढवलेला असणार होता. तसा तो झाला असता तर खांबांना फारसा त्रास झाला नसता आणि कदाचित आपण आज या चर्चची इतकी चर्चाही केली नसती. बेर यांनी मात्र तो संपूर्ण दगडात बांधण्याचा आग्रह धरला. तांबे महाग होते, दगड जवळच्या खाणींतून एल्ब नदीमार्गे सहज येत होता, आणि दगडी घुमट अधिक टिकेल अशी त्यांची खात्री होती. घुमटाचा व्यास सुमारे २६ मीटर आणि टोकाच्या क्रुसापर्यंत इमारतीची उंची सुमारे ९१ मीटर. आल्प्सच्या उत्तरेला त्या काळी एवढा मोठा दगडी घुमट बांधण्याचा अनुभव कोणाकडेच नव्हता.

घुमटाच्या वागणुकीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुढची सारी कथा त्यावर अवलंबून आहे. दगड आणि चुना यांच्या बांधकामाला दाब चांगला सोसतो, ताण सोसत नाही. घुमटाचा वरचा भाग सगळीकडून आत दाबला जातो, त्यामुळे तिथे काळजी नसते; पण खालच्या भागात घुमट आपल्याच वजनाने बाहेर फाकू पाहतो, तिथे आडवा ताण निर्माण होतो आणि उभ्या भेगा पडतात. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे घुमटाला लोखंडी कडी घालून तो आवळून धरणे, आणि दुसरा म्हणजे बाहेरचा रेटा घेण्यासाठी पाठीमागे पुरेसे जाड बांधकाम उभे करणे. बेर यांनी दोन्ही केले. घुमटात लोखंडी कडी घातली, आणि प्रत्येक खांबाच्या मागे, बाहेरच्या भिंतीपर्यंत आणि कोपऱ्यांतल्या मनोऱ्यांपर्यंत जाणाऱ्या जाड आडभिंती बांधल्या, ज्यांना जर्मन कारागीर श्पीरामेन म्हणत. घुमटाचा खालचा काठ बाहेरच्या बाजूला वळून पसरतो आणि त्यामुळे तो दगडी घंटेसारखा दिसतो. हे वळण शोभेसाठी तर आहेच, पण भार बाहेर, या आडभिंतींकडे आणि मनोऱ्यांकडे वळवण्याचा विचारही त्यात आहे. बेर यांच्या मनात भाराची वाट पिरॅमिडसारखी होती: वरून येणारे वजन पसरत पसरत पूर्ण इमारतीच्या पायावर जावे आणि खांबांवर त्यातला केवळ एक हिस्सा यावा.

कल्पना उत्तम होती. माझ्या मते अठराव्या शतकातील मध्य युरोपात रचनेचा इतका स्वतंत्र विचार केलेली वास्तू क्वचितच सापडेल. पण ती अंमलात आणायला त्या काळचे लोखंड आणि त्या काळचे गणित पुरे पडले नाही. आवळणारी कडी अपुरी होती, आडभिंतींचे दगडकाम खांबांपेक्षा वेगळ्या दर्जाचे होते, त्यामुळे दोन्ही सारखे दबले नाहीत आणि भार ठरवलेल्या वाटेने न जाता बऱ्याच प्रमाणात थेट खांबांवर उतरला. संपूर्ण घुमट फक्त आठ खांबांवर आला असता तर प्रत्येकी दीड हजार टन झाले असते. प्रत्यक्षात तेवढे आले नाही, पण बेर यांनी धरले होते त्याहून बरेच अधिक आले. भेगा बांधकाम चालू असतानाच दिसू लागल्या.

२८ फेब्रुवारी १७३४ रोजी, काम अपुरे असतानाच, चर्च उपासनेसाठी खुले झाले. १७३६ च्या नोव्हेंबरमध्ये गॉटफ्रीड झिल्बरमान यांनी बांधलेला ऑर्गन बसला आणि १ डिसेंबरला योहान सेबास्टियन बाख यांनी त्यावर वादन केले. बेर यांनी हे सगळे पाहिले, पण टोकावरचा क्रूस बसलेला पाहिला नाही. १६ मार्च १७३८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर घुमटाच्या सुरक्षिततेवर उघड वाद झाला. नदीकाठी कॅथलिक दरबारी चर्च बांधणारे रोमचे वास्तुकार गाएतानो कियावेरी यांनी हा दगडी घुमट उतरवावा असे मत दिले. परिषदेने ते मानले नाही. बेर यांचे शिष्य योहान गेओर्ग श्मिड यांनी काम पुढे नेले, वरचा कळसाचा भाग मूळ कल्पनेपेक्षा वेगळा झाला, आणि २७ मे १७४३ रोजी क्रूस चढवून बांधकाम पूर्ण झाले. कियावेरींना मत्सरी ठरवण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. भेगा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या आणि त्या खऱ्या होत्या. पुढची दोनशे वर्षे घुमट उभा राहिला यावरून त्यांचे निरीक्षण खोटे ठरत नाही, एवढेच ठरते की बेर यांच्या रचनेत राखीव ताकद पुष्कळ होती.

ती ताकद १७६० साली दिसली. सप्तवार्षिक युद्धात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या तोफांनी शहरावर मारा केला. शंभराहून अधिक गोळे घुमटावर आदळले आणि घुमट अभंग राहिला असे सांगितले जाते. शहराचा मोठा भाग जळाला, चर्च वाचले. या घटनेने घुमटाभोवती एक दंतकथेचे वलय तयार झाले, आणि त्यामुळे त्याच्या खऱ्या दुखण्याकडे दुर्लक्ष झाले असावे असे मला वाटते. दुखणे थांबले नव्हते. अधूनमधून दुरुस्त्या होत राहिल्या, आणि विसाव्या शतकात दगडाचे तुकडे खाली पडू लागले तेव्हा १९२४ ते १९३२ आणि पुन्हा १९३८ नंतर मोठी कामे हाती घ्यावी लागली. दुसऱ्या टप्प्यात अभियंते गेओर्ग रूट यांनी घुमट नव्या कड्यांनी आवळला आणि वास्तुकार आर्नो कीसलिंग यांनी इमारतीची बारकाईने मोजमापे घेऊन आरेखने केली. १९४३ पर्यंत हे काम झाले. घुमट दोन शतकांत पहिल्यांदाच बऱ्यापैकी निर्धोक झाला, आणि दोन वर्षांत तो गेला. कीसलिंग यांची आरेखने मात्र शिल्लक राहिली, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पन्नास वर्षांनंतर सगळे त्यांच्यावर उभे राहिले.

दुसऱ्या महायुद्धात, १३ आणि १४ फेब्रुवारी १९४५ च्या ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांच्या बॉम्बवर्षावात, चर्च थेट स्फोटाने पडले नाही. तळघरात आसरा घेतलेले सुमारे तीनशे लोक बाहेर पडू शकले. इमारतीला संपवले ते आगीने. लाकडी सज्जे, बाके आणि दरवाजे पेटले आणि आतले तापमान एक हजार अंशांच्या आसपास गेले. एल्बकाठचा वालुकाश्म मुख्यतः गारेच्या कणांचा बनलेला असतो. गारेची अंतर्रचना ५७३ अंश सेल्सियसला बदलते आणि ती अचानक फुगते, त्यामुळे तापलेल्या दगडाचे पापुद्रे सुटतात आणि आतला भाग भेगाळतो. आग मधल्या दालनात होती, म्हणजे नेमकी त्या आठ बारीक खांबांच्या भोवती. ज्या खांबांवर आधीच अपेक्षेपेक्षा जास्त भार होता त्यांचीच जाडी आगीने कमी केली. १५ फेब्रुवारीच्या सकाळी दहाच्या सुमारास खांब खचले आणि घुमट खाली आला. उभे राहिले ते दोन तुकडे: पूर्वेकडच्या वेदीस्थानाची भिंत आणि वायव्य कोपऱ्यातला जिन्याचा मनोरा. मधल्या आगीपासून तुलनेने दूर असलेले जाड बांधकाम टिकले, ही गोष्ट कोसळण्याचे कारण सांगायला पुरेशी बोलकी आहे.

त्यानंतर पूर्व जर्मनीच्या काळात हा ढिगारा जवळजवळ अर्धे शतक तसाच राहिला. तो साफ करून जागा मोकळी करण्याचे प्रस्ताव आले, पण वास्तुजतन अधिकारी हान्स नाडलर यांनी चिकाटीने ते परतवले. पुनर्बांधणीची आशा त्यांनी सोडली नव्हती. १९६६ साली ढिगारा अधिकृतपणे युद्धविरोधी स्मारक ठरला. १९८२ पासून १३ फेब्रुवारीच्या रात्री तिथे मेणबत्त्या घेऊन जमणारे तरुण सरकारला नको असलेल्या शांतता चळवळीचे होते. बर्लिनची भिंत पडल्यावर, १३ फेब्रुवारी १९९० रोजी, तुतारीवादक लुडविग ग्यूटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला उद्देशून पुनर्बांधणीचे आवाहन प्रसिद्ध केले.

विरोध मोठा होता आणि तो हलका नव्हता. ढिगारा हेच स्मारक आहे, त्याला पुसून सुंदर इमारत उभारणे म्हणजे युद्धाची आठवण पुसणे, असे म्हणणारे लोक शहरात आणि खुद्द चर्चच्या वर्तुळातही होते. घरे आणि दवाखाने मोडके असताना घुमटावर पैसा का, असाही प्रश्न होता. वास्तुजतनाच्या क्षेत्रातला आक्षेप १९६४ च्या व्हेनिस सनदेवर आधारलेला होता. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि कोसळलेल्या वास्तूबाबत फक्त शिल्लक तुकडे पुन्हा जुळवण्याला परवानगी आहे, असे ती सनद सांगते. मी हे तत्त्व मानतो आणि माझ्या कामात पाळतो. म्हणून या चर्चच्या बाबतीत माझ्यासमोर खरा प्रश्न एकच होता: इथे अंदाज किती होता?

उत्तर ढिगाऱ्यातून आले. फेब्रुवारी १९९२ मध्ये शहराने संमती दिली आणि जानेवारी १९९३ मध्ये सुमारे २२,००० घनमीटर ढिगारा हलवायला सुरुवात झाली. तो उपसला गेला नाही, पुरातत्त्वीय उत्खननासारखा थरांथरांत मोजून उचलला गेला. प्रत्येक महत्त्वाचा दगड कुठे, कोणत्या बाजूने पडलेला सापडला याची छायाचित्रांसह नोंद झाली, त्याचे मोजमाप झाले आणि त्याला क्रमांक मिळाला. पडण्याची जागा महत्त्वाची असते, कारण कोसळताना दगड वाटेल तसे उडत नाहीत. कुठला भाग कशावर पडला यावरून तो मुळात कुठे होता हे बरेच कळते. त्याला कीसलिंग यांच्या आरेखनांची, जुन्या छायाचित्रांची आणि संगणकावर तयार केलेल्या त्रिमितीय प्रतिरूपाची जोड मिळाली. आठ हजारांहून अधिक दर्शनी दगड उपयोगी म्हणून नोंदले गेले आणि त्यांपैकी साडेतीन ते चार हजारांच्या दरम्यान बाह्य भिंतींत परत बसवले गेले, बरेचसे त्यांच्या मूळ जागी. १ जून १९९३ रोजी घुमटावरचा वाकलेला, होरपळलेला मूळ क्रूसही सापडला. तो आज आतमध्ये ठेवलेला आहे.

२७ मे १९९४ रोजी पहिला दगड बसला. बांधकामाचे प्रमुख एबरहार्ड बुर्गर होते, आणि रचनेची जबाबदारी अभियंते फ्रिट्झ वेन्झेल आणि वोल्फ्राम येगर यांच्यावर होती. एक सोपा मार्ग उपलब्ध होता: आत सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा उभारून बाहेरून वालुकाश्माचे अस्तर लावायचे. तसे केले असते तर बाहेरून कोणालाही फरक कळला नसता आणि मी आज या इमारतीला निःसंकोच प्रतिकृती म्हटले असते. त्यांनी ते केले नाही. घुमट, खांब आणि आडभिंती पुन्हा भार वाहणाऱ्या दगडात, बेर यांच्याच पद्धतीने बांधल्या गेल्या. खांबांसाठी सर्वांत बळकट वालुकाश्म निवडून घेतला गेला आणि दगडांमधल्या दरजा अत्यंत बारीक ठेवल्या गेल्या, म्हणजे खांब कमी दबतील.

मग बेर यांची चूक कशी सुधारली? मला संपूर्ण प्रकल्पात सर्वाधिक आवडणारी गोष्ट ही आहे. घुमटाखालच्या पातळीवर, मुख्य कंगोऱ्याच्या आत, पोलादी बहुकोनी कडे बसवले गेले आणि ते ताणून आवळण्याची सोय ठेवली गेली. या कड्यामुळे बाहेरचा रेटा आवरला जातो, आडभिंती खऱ्या अर्थाने कामाला लागतात, आणि भार खांबांवर न रेटता बाहेरच्या भिंतींकडे वळतो, म्हणजे बेर यांनी १७३० च्या दशकात जी वाट आखली होती तिनेच जातो. कड्याने मूळ कल्पना बदलली नाही, तिला तिच्याकडे नसलेले साधन दिले. भार वाहण्याचे काम आजही दगडच करतो.

जुने आणि नवे बांधकाम जोडणे सोपे नव्हते. अडीचशे वर्षे दबलेली, आगीत भाजलेली वेदीस्थानाची भिंत आणि ताजे, अजून दबायचे असलेले बांधकाम एकमेकांना चिकटवायचे होते. नवे किती खचेल याचा आधीच हिशेब करून थर जुळवावे लागले. रंगाचा फरक मात्र लपवला गेला नाही. काळे दिसणारे भाग आणि विखुरलेले काळे दगड जुने आहेत, फिकट पिवळे नवे आहेत. हा काळेपणा आगीची काजळी आहे असे सर्रास सांगितले जाते, पण ते पूर्ण खरे नाही; या वालुकाश्मातील लोहांश आणि शहरातील हवा यांमुळे तो काळाच्या ओघात आपोआप गडद होतो, आणि नवे दगडही हळूहळू तसेच होत आहेत. आज फरक वाचता येतो, काही पिढ्यांनी तो पुसट होईल.

२२ जून २००४ रोजी घुमटावर नवा क्रूस चढला. तो ब्रिटनमधील देणगीदारांनी दिला आणि लंडनचे कारागीर ॲलन स्मिथ यांनी घडवला. त्यांचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांपैकी एकावर होते. ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्चचे पुन्हा समर्पण झाले. एकूण खर्च सुमारे १८ कोटी युरो, आणि त्यातला मोठा वाटा जगभरातल्या देणग्यांचा. नोबेल पारितोषिक मिळालेले जीवशास्त्रज्ञ ग्युंटर ब्लोबेल यांनी लहानपणी बॉम्बवर्षावाच्या काही दिवस आधी हे शहर पाहिले होते. त्यांनी १९९९ च्या पारितोषिकाची रक्कम ड्रेस्डेनच्या पुनर्बांधणीसाठी दिली.

आतल्या भागाबद्दल माझे मत तितके निःशंक नाही. वेदी मात्र अपवाद आहे. योहान क्रिस्टियान फायगे यांनी कोरलेले, ऑलिव्ह डोंगरावर प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ताचे दृश्य ढिगाऱ्याखाली बऱ्याच प्रमाणात वाचले होते. त्याचे सुमारे दोन हजार तुकडे जुळवले गेले, तुटलेल्या कडा दिसू दिल्या गेल्या. आतल्या घुमटातील चार सुवार्तिक (बायबलमधील शुभवर्तमानांचे लेखक) आणि चार सद्गुण यांची चित्रे, जी मुळात जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रोने यांनी काढली होती, ती क्रिस्टोफ वेत्सेल यांनी पुन्हा रंगवली. तिथे दगडासारखा पुरावा हातात नव्हता, जुनी रंगीत छायाचित्रे आणि जाणकारी यांवर काम करावे लागले, आणि माझ्या नजरेला ती फार नवी, फार गोड वाटतात. ऑर्गनवरून तर जाहीर वाद झाला. झिल्बरमान यांच्या वाद्याची हुबेहूब प्रत करावी असे म्हणणाऱ्यांचा पक्ष हरला आणि स्ट्रासबुर्गच्या डानिएल केर्न यांनी हातांनी वाजवायच्या चार स्वरपट्ट्यांचे (कीबोर्डचे) नवे वाद्य बांधले, ज्यात झिल्बरमान यांच्या धाटणीचे सूर आहेत पण नंतरच्या काळातले संगीतही वाजते. दर्शनी लाकूडकाम जुन्यासारखे आहे. मला हा निर्णय बरोबर वाटतो, कारण मूळ वाद्याचा एकही आवाज शिल्लक नव्हता आणि रोज उपासना चालणाऱ्या जागेला जिवंत वाद्य लागते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. वेदीस्थान, वायव्य मनोरा, पाया, तळघर आणि परत बसवलेले दगड अस्सल आहेत. खांब आणि घुमट नवे आहेत, पण त्यांचा आकार मोजलेल्या पुराव्यावर आणि त्यांचे कार्य मूळ रचनातत्त्वावर आधारलेले आहे. आतले रंगकाम हा एक सुजाण अंदाज आहे. एकाच इमारतीसाठी एकच शब्द वापरण्याचा हट्ट सोडला तर वाद बराच मिटतो. चर्चभोवतीच्या नॉयमार्क्ट चौकात जी घरे जुन्या चेहऱ्यांनी उभी राहिली त्यांना मी हा न्याय लावणार नाही; त्यांतल्या अनेकांच्या आत आधुनिक हॉटेले आणि दुकाने आहेत, आणि दर्शनी भिंत तेवढी जुन्या तोंडवळ्याची आहे.

आता गोवा. सेंट ऑगस्टीनचे चर्च १८३५ मध्ये धार्मिक संघांना हद्दपार केल्यानंतर ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले, आणि दर्शनी भाग १९३१ मध्ये पडला. आज सुमारे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग उभा आहे आणि त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये वाजते. त्याची पुनर्बांधणी मी सुचवणार नाही, आणि कारण दगडात आहे. ड्रेस्डेनचे दर्शनी दगड प्रत्येकी वेगळे कोरलेले होते, म्हणून पडलेल्या दगडाची मूळ जागा शोधता आली. जांभ्याचे चिरे बहुतेक सारखेच कापलेले असतात आणि त्यांच्यावर गिलावा असतो. आकार आणि नक्षी गिलाव्यात होती, आणि गिलावा पावसाने धुऊन नेला. तिथे चर्च उभारायचे तर अंदाजच उभारावा लागेल. पडक्या मनोऱ्याची भेगबंदी, पाण्याचा निचरा आणि माथ्यावर वाढणाऱ्या झाडांची मुळे काढणे हेच तिथले योग्य काम आहे.

माझी काळजी मनोऱ्यापेक्षा समोरच्या टेकडीखालच्या बॉम जीझसची अधिक आहे. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या बॅसिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज जतनकार बाल्ताझार कास्त्रो यांच्या काळात काढला गेला, आणि तेव्हापासून सच्छिद्र जांभा दर पावसाळ्यात पाणी शोषत झिजतो आहे. गिलावा परत चढवावा की नाही हा वाद चालू आहे. मी चढवण्याच्या बाजूचा आहे, चुन्याचाच, सिमेंटचा अजिबात नाही. पण तो चढवण्याआधी प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक थराचे आणि दर्शनी भागातील काळ्या बेसाल्टच्या प्रत्येक कोरीव दगडाचे कीसलिंग यांनी केले तसे मोजमाप-आरेखन व्हायला हवे, आणि ते इमारत धडधाकट उभी असताना व्हायला हवे.